जेपेग फोटो पुन्हा पुन्हा सेव्ह केला की खरंच खराब होतो का?

झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षरं पुसट होत जातात, तसंच जेपेग फोटोचंही होतं, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. फोटो हजार वेळा उघडून पाहिला, त्याचं नाव बदललं, पेनड्राइव्हवर कॉपी केला, तरी त्यातला एकही बाइट हलत नाही. धक्का लागतो तो सॉफ्टवेअर चित्र उलगडून नव्याने दाबतं (कॉम्प्रेस करतं) तेव्हा, म्हणजे ‘सेव्ह’ किंवा ‘एक्स्पोर्ट’ करताना. आणि तेव्हाही कितव्यांदा सेव्ह केलं याला फारसं महत्त्व नसतं. दोन सेव्हच्या मध्ये काय बदललं, यावर सगळं अवलंबून असतं.

हे असं का, ते कळायला जेपेगच्या पोटात डोकवावं लागेल. मोबाइलचा ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो जसाच्या तसा साठवला, तर प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरून ३६ एमबी होतात. जेपेग तोच तीन ते पाच एमबीत बसवतं. आधी उजळपणा आणि रंग वेगळे केले जातात. डोळा रंगातले बारकावे कमी टिपतो, म्हणून बहुतेक वेळा चार पिक्सेल मिळून रंगाची एकच नोंद ठेवतात. मग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडतात. वरच्या फोटोत उजळपणाचे असे १,८७,५०० चौकोन होतात. प्रत्येक चौकोनातल्या ६४ पिक्सेलांचं रूपांतर ६४ सहगुणकांत, म्हणजे ६४ आकड्यांत, होतं: पहिला सरासरी उजळपणा सांगतो, पुढचे क्रमाने अधिकाधिक बारीक तपशील. हे गणित, म्हणजे डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म, बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये प्रसिद्ध केलं. त्याआधी १९७२ मध्ये या कामासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे मागितलेला निधी त्यांना मिळाला नव्हता!

इथवर, रंगाची काटछाट सोडली तर, विशेष काही गमावलेलं नसतं. खरी काटछाट पुढच्या पायरीवर होते. तिला क्वांटायझेशन म्हणतात. प्रत्येक सहगुणकाला एका ठरावीक संख्येने भागून उत्तर जवळच्या पूर्णांकात बसवतात. १९९२ च्या जेपेग मानकात नमुन्यादाखल दिलेल्या उजळपणाच्या तक्त्यात पहिला भाजक १६ आणि शेवटचा ९९ आहे. जेपेग बनवणाऱ्या प्रचलित सॉफ्टवेअर-लायब्ररीत क्वालिटी (सेव्ह करताना निवडायचा १०० पर्यंतचा आकडा) ५० म्हणजे हाच तक्ता. ७५ ला ते भाजक ८ आणि ५० होतात, ९० ला ३ आणि २०. म्हणजे ‘क्वालिटी ९०’ याचा अर्थ ९० टक्के दर्जा असा नाही. काही सॉफ्टवेअरची पट्टी तर ० ते १२ अशीच असते, त्यामुळे एकीकडचा आकडा दुसरीकडे लावू नये.

आता समजा एक सहगुणक ४३ आहे आणि भाजक ८. भागाकार ५.३७५, म्हणून फाइलमध्ये ५ लिहिला जातो. फोटो उघडताना ५ × ८ = ४०. तीन गेले, ते कायमचे. पण हाच फोटो त्याच क्वालिटीवर पुन्हा सेव्ह केला, तर ४० भागिले ८ बरोबर ५. कापायला काही उरलेलंच नाही. म्हणून एकाच सॉफ्टवेअरमध्ये, त्याच सेटिंगवर, काहीही न बदलता केलेलं दुसरं किंवा दहावं सेव्ह जवळजवळ निरुपद्रवी असतं.

‘जवळजवळ’ म्हणायला कारण आहे. फोटो उघडताना प्रत्येक पिक्सेल ० ते २५५ मधल्या पूर्ण संख्येत बसवावा लागतो, आणि त्यात सूक्ष्म चूक राहते. भाजक ८ किंवा ५० असेल तर ती पुढच्या भागाकारात गिळली जाते. गंमत अशी की क्वालिटी १०० ला सगळे भाजक १ असतात, त्यामुळे तिथे या बारीक चुकाही नोंदल्या जातात आणि पहिल्या काही सेव्हमध्ये आकडे किंचित हलत राहतात. डोळ्याला मात्र ते दिसत नाही. चार पिक्सेलांत मिळून ठेवलेला रंग उघडताना पसरवून भरावा लागतो आणि सेव्ह करताना परत गोळा करावा लागतो, त्यामुळे गडद लाल-निळ्या कडा थोड्या फाकू शकतात.

क्वालिटी बदलत गेलात की चित्र पालटतं. सहगुणक २६ घ्या. भाजक १० असताना त्याचे ३० होतात. पुढच्या वेळी भाजक ११ असेल तर ३० चे ३३. मग १३ असेल तर ३३ चे ३९. मूळ २६ ला थेट १३ ने भागलं असतं तर बरोबर २ आले असते आणि चूक शून्य! शेवटचं सेटिंग तेच, पण वाटेतल्या दोन थांब्यांनी १३ ची चूक घडवली.

याहून जास्त नुकसान क्रॉपिंगने होतं. डावीकडून तीन पिक्सेल कापले की नवे ८ × ८ चौकोन जुन्या चौकोनांवर बसत नाहीत. प्रत्येक नव्या चौकोनात जुन्या शेजाऱ्यांचे तुकडे येतात, सगळे सहगुणक नव्याने निघतात आणि नव्याने कापले जातात. जुन्या चौकोनांच्या कडासुद्धा आता ‘तपशील’ म्हणून जपल्या जातात. आकार लहान-मोठा करणं, थोडं तिरकं फिरवणं, उजळपणा बदलणं यांनीही हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. आकाशात पट्टे, अक्षरांभोवती मुंग्यांसारखे ठिपके, गालावर चौकटी ही त्याची लक्षणं.

९० अंशांत फिरवणं मात्र बिनधोक करता येतं. जेपेगट्रॅनसारखं साधन चित्र न उलगडता सहगुणकांचीच जागा बदलतं. अट एवढीच की लांबी-रुंदी १६ च्या पटीत हवी, कारण चार पिक्सेलांत एकच रंग ठेवल्यावर रंगाचा ८ × ८ चौकोन चित्रातले १६ × १६ पिक्सेल व्यापतो. ३००० ला १६ ने भाग जात नाही, ८ उरतात, म्हणून काठाची आठ पिक्सेलांची पट्टी कापावी लागते किंवा ती चुकीच्या जागी राहते. बिननुकसानीच्या क्रॉपलाही डाव्या-वरच्या कोपऱ्याला हाच १६ चा नियम.

एक दिलासा: फोटो एडिटरमध्ये उघडा असताना वीसदा सेव्ह दाबलंत, तरी दरवेळी मेमरीतलं चित्रच कॉम्प्रेस होतं, म्हणून ती एकच पिढी, म्हणजे काटछाटीची एकच फेरी. फाइल बंद करून पुन्हा उघडली की पुढची पिढी सुरू. काम अनेक दिवस चालणार असेल तर मधल्या प्रती पीएनजी, टिफ किंवा एडिटरच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये ठेवा आणि जेपेग एकदाच, अगदी शेवटी काढा.

यात सर्वाधिक हाल भरतीच्या अर्जातल्या फोटोचे होतात. बँकभरतीच्या परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जाला २०० × २३० पिक्सेलचा, २० ते ५० केबीचा फोटो लागतो. अनेकजण मोठ्या फोटोची क्वालिटीच खाली खाली आणत ५० केबी गाठतात, मग आकार चुकला म्हणून क्रॉप करतात, मग फाइल २० केबीच्या खाली गेली म्हणून क्वालिटी वाढवतात. केबी वाढतात, चेहरा तसाच चिखलासारखा राहतो, कारण गेलेले आकडे परत येत नाहीत. वास्तविक २०० × २३० म्हणजे फक्त ४६,००० पिक्सेल. ५० केबीत प्रत्येकाला एका बाइटहून जास्त जागा मिळते, म्हणजे मोबाइलच्या मूळ फोटोतल्यापेक्षा अडीच ते चार पट. मूळ फोटो उघडा, २०:२३ प्रमाणात क्रॉप करा, आकार २०० × २३० करा आणि ९० क्वालिटीवर एक्स्पोर्ट करा. २० केबी भरले नाहीत तर त्याच उघड्या चित्रातून ९५ वर परत काढा. बाहेर आलेली छोटी फाइल पुन्हा उघडू नका. सहीचंही तसंच, फक्त आकार १४० × ६० आणि १० ते २० केबी.

फोटो व्हॉट्सॲपवरून स्टुडिओतून मागवणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने पाठवला की ॲप तो लहान करून दाबतं, आणि २०२३ मध्ये आलेला एचडी पर्यायही फोटो दाबतोच, फक्त कमी.