फाटलेल्या मेनिस्कसला टाका उभा की आडवा?

“गुडघ्यातली गादी फाटलीय,” असं डॉक्टर म्हणाले की कापूस बाहेर आलेली उशी डोळ्यांसमोर येते. गादी हा शब्द सोपा आहे, पण फसवाही आहे. गादीचं काम दबण्याचं. ही गादी म्हणजे मेनिस्कस, आणि तो नुसता दबत नाही, ताणला जातो. कोणत्या दिशेनं ताणला जातो हे एकदा कळलं, की एकाला ऑपरेशननंतर लवकर पाय टेकू देतात आणि दुसऱ्याच्या हाती सहा आठवडे कुबड्या का येतात, हेही कळतं.

मांडीच्या हाडाचं खालचं टोक गोल आणि नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट. ही दोन्ही थेट टेकली तर सगळं वजन चिमूटभर जागेवर येईल. मधली फट भरायला दोन चकत्या असतात, याच मेनिस्कस. आतल्या बाजूची चंद्रकोरीसारखी, बाहेरची जवळपास पूर्ण वर्तुळ. आडवा काप घेतला तर दोन्ही पाचरीसारख्या दिसतात: बाहेरची कड जाड, आतली अगदी पातळ. वजन पडलं की पाचर बाहेर निसटू पाहते, मुठीत दाबलेली साबणाची ओली वडी निसटते तशी. पण चकतीची दोन्ही टोकं नडगीच्या हाडात घट्ट रोवलेली असतात. बाहेर जायला वाव नाही, म्हणून ती परिघाच्या दिशेनं ताणली जाते. लाकडी पिंपाभोवतीच्या लोखंडी पट्ट्यावर असाच ताण असतो. चकतीतल्या कोलॅजेन या चिवट प्रथिनाचे बहुतेक तंतूही परिघाबरोबरच वळत गेलेले असतात. मधूनमधून काही तंतू त्यांना छेदून जातात, जुडी बांधणाऱ्या दोरीसारखे. पाय सरळ असताना सांध्यावरचा साधारण निम्मा भार या चकत्या पेलतात. गुडघा 90 अंशांत वाकवला की हे प्रमाण 85 टक्क्यांच्या आसपास जातं.

हे उमगायला मात्र बराच काळ गेला. एडिंबरोत थॉमस अॅनंडेल यांनी 1883 मध्ये फाटलेला मेनिस्कस शिवला होता. तरीही 1897 मध्ये इंग्रज सर्जन ब्लांड-सटन यांनी मेनिस्कस म्हणजे स्नायूचा निरुपयोगी अवशेष असं लिहिलं आणि पुढे कितीतरी दशकं फाटलेली चकती सरळ काढून टाकली जात होती. 1948 मध्ये ब्रिटिश सर्जन फेअरबँक यांनी अशा गुडघ्यांचे एक्स-रे मांडले: सांध्यातली फट अरुंद झालेली, हाडाची गोलाई चपटलेली, कडेला नवा उंचवटा आलेला. पट्टा काढल्यावर पिंपाचं दुसरं काय होणार?

आता फाटण्याकडे येऊ. लाकूड रेषेनं चिरलं तर लांब ढलपी निघते, मेनिस्कसही तसाच तंतूंच्या दिशेनं फाटू शकतो. अशा उभ्या फाटीत बरेचसे तंतू अखंड राहतात, पट्टा कसाबसा टिकून असतो. फाट आतल्या कडेपासून बाहेरपर्यंत आरपार गेली, तर मात्र तंतूच तुटतात आणि पट्टा संपतो. टोक हाडातून उखडणं हीही तशीच गत. आतल्या चकतीचं मागचं टोक तोडून प्रयोगशाळेत दाब मोजला, तर तो चकती पूर्ण काढल्यावर येतो तेवढाच आला. म्हणून हाडात बारीक बोगदा पाडून धाग्यानं ते टोक पुन्हा जागेवर ओढून बसवतात.

टाक्यांचं गणित शिवणकाम करणाऱ्याला चटकन कळेल. विरळ कापडात टाका सुतांना समांतर पडला की सुतं सरकतात आणि शिवण उसवते. टाक्यानं सुतांची जुडीच कवेत घेतली की शिवण टिकते. उभ्या फाटीत उभा टाका परिघाच्या तंतूंना काटकोनात वेढतो, आडवा टाका त्यांच्या मधून सरकत येतो. ओढून पाहण्याच्या चाचण्यांत उभा टाका सहसा सरस ठरतो. गंमत अशी, की आरपार फाटीत हेच तत्त्व आडवं येतं. फाट ओलांडणारा टाका नेमका तंतूंना समांतर जातो आणि ऊती कापत सुटू पाहतो. यावर मला सर्वांत आवडलेला उपाय असा: आधी फाटीच्या दोन्ही बाजूंना तिला समांतर टाके घालायचे आणि फाट ओलांडणारे धागे त्यांच्या पलीकडून न्यायचे. काँक्रीटमधल्या सळयांसारखे हे टाके धाग्याला अडवून धरतात.

कुबड्यांचं कोडंही इथेच सुटतं. उभ्या फाटीवर वजन आलं की चकती बाहेर ढकलली जाते आणि फाटीचे काठ एकमेकांवर दाबले जातात. आरपार फाटीत तेच वजन काठांना दूर ओढतं. खोल वाकणं मात्र दोन्हींत टाळायचं, कारण तेव्हा चकतीचा मागचा भाग दोन हाडांत चेपला जातो. उकिडवं बसायला तर काही महिने मनाईच असते.

पण धागा कितीही पक्का असला, तरी तो ऊती जुळेपर्यंतचाच आधार. आणि जुळायला रक्त लागतं. मोठ्या माणसांत रक्तवाहिन्या बाहेरच्या 10 ते 30 टक्के भागापर्यंतच पोचतात, त्यामुळे आतल्या कडेची फाट नीट शिवूनही अनेकदा सांधत नाही. उलट, त्याच वेळी गुडघ्यातला एसीएल हा दोन हाडांना बांधून ठेवणारा लिगामेंटही नव्यानं बसवला, तर मेनिस्कस अधिक चांगला जुळतो. त्याचं एक स्पष्टीकरण असं, की लिगामेंटसाठी हाडात पाडलेल्या बोगद्यांतून अस्थिमज्जा सांध्यात झिरपते. म्हणूनच काही सर्जन आता फक्त मेनिस्कस शिवतानाही हाडात मुद्दाम बारीक भोकं पाडतात.