चावतो, पण चावत नाही

कुत्र्याची दोन पिल्लं एकमेकांच्या अंगावर धावून जातात, गुरगुरतात, कान धरतात, मान धरतात, आणि कोणालाच काही होत नाही. याला आपण लुटुपुटूची लढाई म्हणतो. समोरून येणारा चावा खरा नाही, हे पिल्लाला कळतं कसं, हा मात्र मोठा अवघड प्रश्न आहे.

ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाला तो १९५२ साली पडला. सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राणिसंग्रहालयात दोन लहान माकडं झोंबाझोंबी करत होती. ‘हा खेळ आहे’ असं ती एकमेकांना कळवत असली पाहिजेत, त्याशिवाय असा खेळ रंगूच शकत नाही, हे बेटसन यांनी हेरलं.

कुत्रा हे कसं कळवतो ते कोणत्याही गल्लीत दिसेल. पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवायची, मागचा भाग वर, शेपटी हलती. प्राण्यांच्या वर्तनाचे अमेरिकेतले अभ्यासक मार्क बेकॉफ यांनी कुत्रे, लांडगे आणि कोयोटी (अमेरिकेतले कोल्ह्यासारखे रानटी प्राणी) यांचे खेळ बारकाईने तपासले. चावा घेऊन डोकं जोरात झटकणं ही यातली सर्वांत धोक्याची हालचाल, कारण शिकार अशीच मारतात. नेमकी तिच्या आगेमागेच ही वाकण्याची खूण जास्त दिसते. जिथे गैरसमज होण्याची भीती, तिथेच खुलासा! मोठा कुत्रा तर लहानग्यासाठी आपणहून उताणा पडतो, आपण खेळात लिंबूटिंबूला सांभाळून घेतो तसा.

मला सर्वांत नवल वाटतं ते उंदरांचं. खऱ्या भांडणात हल्ला करणारा उंदीर पाठीच्या मागच्या भागाला चावतो. खेळात तो मानेकडे झेपावतो आणि तिथे नुसतं नाक घासतो. म्हणजे खेळ ही भांडणाची सौम्य नक्कल नव्हे, त्याचं लक्ष्यच वेगळं. खेळताना ते सुमारे ५० किलोहर्ट्झ इतक्या उंच पट्टीचे चित्कारही काढतात. आपले कान २० किलोहर्ट्झच्या पुढे ऐकत नाहीत, म्हणून हा आनंद आपल्याला ऐकूच येत नाही. मेंदूचे अभ्यासक याक पांक्सेप यांनी हाताने गुदगुल्या केल्या, तेव्हाही उंदरांनी असेच चित्कार काढले.

हा सगळा वेळेचा अपव्यय आहे असं कोणाला वाटत असेल, तर खेळगडी न मिळता वाढलेल्या उंदरांकडे पाहावं. मोठेपणी दुसऱ्या उंदराने सहज स्पर्श केला तरी ते बिथरतात, आणि बलाढ्य उंदरासमोर गप्प कधी बसावं हे त्यांना उमगत नाही. त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातल्या पेशींची जडणघडणही वेगळी झालेली आढळते.