आवाजाची एकेरी वाट

हणजूण-वागातोर किनाऱ्यावर रात्री उशिरापर्यंत वाजणाऱ्या संगीताचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत गेला. आवाज एका बाजूने जाऊ देणारे आणि उलट येऊ न देणारे काही करता येते का, हा प्रश्न मात्र त्याहून खूप जुना आहे.

भिंत हे करू शकत नाही. ती दोन्ही बाजूंचा आवाज सारखाच अडवते. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६० मध्ये मांडलेला आणि ब्रिटिश शास्त्रज्ञ रॅले यांनी १८७३ मध्ये व्यापक केलेला नियम असा: हवा स्थिर असेल, तर बोलणारा आणि ऐकणारा यांनी जागा बदलल्या तरी आवाज तेवढाच पोहोचतो. पणजीच्या धक्क्यावरचा भोंगा बेतीला जितका ऐकू येईल, तितकाच बेतीचा पणजीला.

मात्र वारा सुटला की हा नियम मोडतो. दुपारी खारा वारा आत शिरतो, तेव्हा किनाऱ्यावरचा आवाज गावात दूरवर जातो. वाऱ्याविरुद्ध निघालेला वर वळून लवकर विरतो.

चीनमधील नानजिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये वेगळा मार्ग दाखवला. त्यांच्या ध्वनी-डायोडमधून लहरी एकाच दिशेने जात, पण जाताना त्यांची वारंवारता बदले. बोलणे किंवा गाणे मूळ स्वरूपात पोहोचवायचे असेल, तर ही मोठीच अडचण.

ती २०१४ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात सुटली. रोमँ फ्लुरी, आंद्रेआ अलू आणि सहकाऱ्यांनी तीन तोंडांचे एक पोकळ कडे घेतले व आत छोटे पंखे बसवले. पंखे बंद असताना एका तोंडातून सोडलेला आवाज उरलेल्या दोन्हींतून सारखा निघे. हवा योग्य वेगाने फिरू लागली, की एका तोंडाशी कड्याच्या दोन्ही बाजूंनी आलेल्या लहरी एकमेकींना पुसून टाकत आणि सारा आवाज दुसरीकडून बाहेर पडे; तिथून उलट सोडलेला मात्र पहिल्या तोंडाकडे परत येत नसे. दोन तोंडांतला फरक ४० डेसिबलपर्यंत, म्हणजे ऊर्जेत दहा हजार पट! मला यातले सर्वांत सुंदर वाटते ते हे, की नियम मोडायला पुन्हा वाराच लागला. मात्र हे कडे ८०० हर्ट्झच्या आसपासच्या अरुंद पट्ट्यातच चाले. पार्टीतल्या खर्जाच्या दणक्यावर त्याचा उपाय नाही.

पाण्याखाली अडचण आणखी वाढते. तिथे ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५०० मीटर, हवेच्या चौपटीहून जास्त. ध्वनीच्या वेगाच्या प्रमाणात पाणीही तितक्याच जोरात फिरवावे लागेल, आणि ते कठीण. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणी समुद्रतळ मोजतात तो ध्वनीच्या प्रतिध्वनीवरच, म्हणून हा भाग आपल्याला जवळचा. फ्लुरी आणि अलू यांच्या गटाने २०१५ मध्ये पंख्यांना पर्याय सुचवला: एकमेकींना जोडलेल्या तीन पोकळ्यांचे आकारमान क्रमाक्रमाने कमी-जास्त करायचे, म्हणजे माध्यम न वाहताही दिशा ठरते.