ट्यूबमधलं पाणी बघा
(हीटेड ह्युमिडिफायर, म्हणजे पेशंटला द्यायची हवा गरम आणि दमट करणारं मशीन, विकत किंवा भाड्याने घेणाऱ्या आमच्या हॉस्पिटल्ससाठी, भिंतीवर लावलंत तरी चालेल)

मशीनसोबत जाडजूड मॅन्युअल येतंच. नाईट ड्यूटीला ते कुणी उघडत नाही हे आम्हालाही ठाऊक आहे, म्हणून हे वेगळं पत्रक. सेटिंग काय ठेवायचं ते डॉक्टर ठरवतील. आम्ही सांगतोय ते फक्त मशीन नीट चाललंय की नाही हे ओळखण्याबद्दल.

नाकाने घेतलेली हवा फुफ्फुसात पोचेपर्यंत 37 डिग्रीला येते आणि तिच्यात मावेल तेवढी वाफ भरलेली असते. अशा एका लिटर हवेत 44 मिलिग्रॅम पाणी असतं. आयसीयूचा एसी 24 वर असेल आणि आर्द्रता निम्मी असेल, तर खोलीतल्या हवेत लिटरमागे जेमतेम 11 मिलिग्रॅम. पाइपलाइनचा किंवा सिलिंडरचा ऑक्सिजन तर कोरडा ठणठणीत. पेशंटच्या श्वासनलिकेत ट्यूब टाकली की नाकाचं काम थांबतं आणि कमी पडलेलं पाणी श्वासनलिकेच्या अस्तरातून ओढलं जातं. कफ आधी चिकट होतो, मग सुकतो. सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढायची नळी) आत जाताना अडखळायला लागतो, ट्यूबमध्ये खपली धरते. चोंदलेली ट्यूब मध्यरात्री बदलणं काय असतं, ते तुम्हाला सांगायला नको.

ह्युमिडिफायर तेवढं पाणी परत भरून देतो. 1960 च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला याचा एक सुरुवातीचा नमुना तयार झाला, तो फळं टिकवायच्या काचेच्या बरणीपासून. आजच्या मशीनला डिस्प्ले आहे, अलार्म आहे, पण आत तेच: पाण्याचं भांडं (चेंबर) आणि त्याखाली तापलेला तवा.

डिस्प्लेवर 37 दिसलं म्हणजे झालं, असं नाही

डिस्प्ले तापमान दाखवतो. हवेत पाणी किती आहे ते दाखवत नाही. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या वॉर्डात व्हेंटिलेटरमधून येणारी हवा मुळातच गरम असते. चेंबरच्या तोंडाशी 37 व्हायला तव्याला फारसं तापावंच लागत नाही. तवा तापला नाही की वाफ कमी. आकडा अगदी बरोबर आणि पेशंटचा कफ मात्र डिंकासारखा, हे आम्ही विदर्भातल्या उन्हाळ्यात पाहिलंय. खोली थंड ठेवा, हाच उपाय.

म्हणून आकड्याच्या जोडीला डोळ्यांनी बघा. पेशंटजवळच्या कॅथेटर माउंटवर (ट्यूबला जोडलेला छोटा पाइप) आतून बारीक दव दिसलं पाहिजे, पहाटे गाडीच्या काचेवर धरतं तसं. माउंट कोरडा खडखडीत असेल तर डॉक्टरांना सांगा. (खोली खूप गरम असेल तर आर्द्रता पुरेशी असूनही दव धरत नाही, तेव्हा कफ कसा निघतोय यावर जास्त भरवसा ठेवा.) चेंबरमध्ये पाणी असूनही तासन्‌तास पातळी हलत नसेल, आणि ते ऑटोफीड (बाटलीतून आपोआप भरणारं) चेंबर नसेल, तर तवा काम करत नाहीये. ऑटोफीड असेल तर वर टांगलेल्या बाटलीवर ड्यूटी बदलताना पेनाने रेघ मारा. हाय फ्लोला (नाकातून जोराने दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनला) मिनिटाला 40 लिटर आणि 37 डिग्री असेल तर तासाला साधारण 100 मिली पाणी जातं. म्हणजे अर्ध्या लिटरची बाटली पाच तासांत संपते. रात्री दहाला लावलेली बाटली सकाळी तशीच भरलेली दिसली, तर खुश होऊ नका.

पाइपमध्ये पाणी साठतंय

सगळ्यात जास्त फोन याचेच. मागे एका नर्सिंग होममधून रात्री दोनला फोन आला: "मशीन पाणी ओकतंय, बदलून द्या." जाऊन बघितलं तर मशीनला काहीही झालेलं नव्हतं. संध्याकाळी सर्किट (मशीन ते पेशंट जाणारे पाइप) बदललं होतं आणि पाइपमधल्या हीटर वायरची पिन लावायची राहिली होती. वर स्प्लिट एसीचा झोत थेट पाइपवर. वाफ वाटेतच थंड होऊन पाणी होत होती. ती होऊ नये म्हणून तर पाइपच्या आत वायर असते: चेंबरमधून 37 ने निघालेली हवा ती 40 पर्यंत नेते, आणि माउंटपाशी येईतो ती पुन्हा 37 ला उतरते.

तेव्हा आधी पिन बघा, मग एसीची पाती फिरवा. ह्युमिडिफायर पेशंटच्या डोक्यापेक्षा खाली ठेवा आणि वॉटर ट्रॅप (साठलेलं पाणी जमा करणारी डबी) पाइपच्या सर्वांत खालच्या जागी. पेशंटची कूस बदलण्याआधी साठलेलं पाणी काढून टाका, नाहीतर ते थेट छातीत उतरतं. व्हेंटिलेटरच्या सर्किटमधलं हे पाणी दूषित समजायचं. पुन्हा चेंबरमध्ये ओतायचं नाही. पाइपमध्ये पाणी हिंदकळलं की व्हेंटिलेटरला पेशंटने श्वास घेतल्यासारखं वाटतं आणि तो उगाच ब्रेथ देत राहतो, हेही लक्षात असू द्या.

तान्ह्या बाळांचं जरा वेगळं. टेम्परेचर प्रोब (पाइपमधल्या हवेचं तापमान मोजणारा सेन्सर) वॉर्मरच्या (बाळाला वरून ऊब देणाऱ्या हीटरच्या) उष्णतेखाली किंवा इनक्युबेटरच्या आत राहिला, तर तो बाहेरची ऊब मोजतो. मशीन समजतं हवा तापली आणि हीटिंग कमी करतं. बाळाला मिळते कोरडी हवा. प्रोब इनक्युबेटरबाहेर ठेवा, वॉर्मर असेल तर प्रोबवर त्यासाठी मिळणारी चकचकीत टिकली चिकटवा.

पाणी कोणतं

स्टराइल वॉटर. नळाचं नाही, आरओचंही नाही. कोमट पाण्यात जंतू मजेत वाढतात. मे 2021 मध्ये म्युकरमायकोसिसच्या लाटेत आयसीएमआरच्या सूचनांमध्येही ऑक्सिजनच्या ह्युमिडिफायरला स्वच्छ, निर्जंतुक पाणी वापरा असं लिहिलेलं होतं. एनएसची (नॉर्मल सलाइनची, म्हणजे मिठाच्या पाण्याची) बाटली तर चुकूनही टांगू नका: पाणी उडून जातं आणि मीठ चेंबरमध्येच साचतं. दोन्ही बाटल्या एकाच कपाटात शेजारी असतात, गडबड तिथेच होते.

हीटेड ह्युमिडिफायर चालू असताना सर्किटमध्ये एचएमई फिल्टर (पेशंटच्याच श्वासातली ऊब आणि ओल धरून ठेवणारा) लावू नका. तो भिजून जड होतो आणि पेशंटला श्वास जड जातो. पेशंट सीटीला नेताना फ्लो बंद केलात तर ह्युमिडिफायरही बंद करा, नाहीतर चेंबरमध्ये कोंडलेली गरम वाफ परत जोडल्यावर एकदम आत जाते.

प्रोब वायर धरून ओढू नका, टोकाला धरून काढा. आमच्याकडे येणाऱ्या दुरुस्त्यांत तुटलेले प्रोबच जास्त असतात, आणि ते वॉरंटीत बसत नाहीत. बदली प्रोब आमच्या माणसाच्या बॅगेत कायम असतो. चेंबर आणि सर्किटचा एक जादा सेट मात्र तुमच्या कपाटात ठेवा.