ग्रॅनाइट गोठल्यावर उरलेलं पाणी

ग्वाल्हेरचा किल्ला वालुकाश्मावर उभा आहे, झाशीचा ग्रॅनाइटवर. दोन्ही शहरांत रेल्वेचं अंतर शंभरेक किलोमीटर, पण दतिया मागे पडलं की जमिनीचा पोतच बदलतो. गोलसर, एकमेकांवर रचल्यासारखे धोंडे दिसू लागतात आणि मधूनच पांढऱ्या गारेच्या (क्वार्ट्झच्या) सरळ टेकड्या येतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून झाशीला नातेवाइकांकडे जाताना लहानपणी मला त्या कुणीतरी बांधलेल्या भिंती वाटायच्या. त्या बुंदेलखंड ग्रॅनाइटच्या भेगांत शिरलेल्या गरम पाण्याने मागे ठेवलेल्या शिरा आहेत. ग्रॅनाइट आणि धातू यांचं नातं समजून घ्यायचं तर हे पाणीच नीट पाहावं लागतं. माणसाला ते उशिरा दिसलं.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत फ्रायबर्गला भूशास्त्रज्ञ व्हेर्नर शिकवत असे की ग्रॅनाइट हा आदिम समुद्राच्या तळाशी साचलेला खडक आहे. १७८५ मध्ये जेम्स हटनला स्कॉटलंडच्या ग्लेन टिल्ट दरीत काळपट खडकात घुसलेल्या तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा सापडल्या. घुसायचं तर तो वितळलेला असायलाच हवा. पुढे १८४७ मध्ये एली द बोमाँने धातूंच्या शिरांचा संबंध शिलारसातून निघणाऱ्या वाफांशी आणि गरम पाण्याशी जोडला. जर्मनीतच सांडबर्गरचं म्हणणं वेगळं होतं: धातू आजूबाजूच्या खडकातून झिरपत येतात. हा वाद बराच काळ चालला.

माझ्या मते खरा पुरावा हा वाद मिटण्याआधीच हाती आला होता. १८५८ मध्ये हेन्री सॉर्बीने गारेचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि आत अडकलेले द्रवाचे थेंब पाहिले. थेंबात एक बुडबुडा, कधी मिठाचा चौकोनी खडाही. तो थेंब तापवत गेलं की बुडबुडा आक्रसतो आणि शेवटी नाहीसा होतो. थेंब किती तापमानाला कोंडला गेला असेल, याचा अंदाज त्यावरून येतो. कोट्यवधी वर्षांपूर्वीचं खारट पाणी केसापेक्षाही बारीक कुपीत जसंच्या तसं!

हे पाणी येतं कुठून? शिलारस निवताना फेल्डस्पार आणि गार या खनिजांचे स्फटिक होतात. त्यांच्या रचनेत पाण्याला जागा नसते. कथील, टंगस्टन, लिथियम यांनाही जवळजवळ नसतेच. मग उरलेल्या रसात ही मंडळी दाटत जातात. विसाव्या शतकात बोवेनने स्फटिकीभवनाचा क्रम प्रयोगांनी दाखवला आणि १९३०च्या सुमारास गोरॅन्सनने ग्रॅनाइटच्या रसात किती पाणी विरघळतं ते दाबाखाली मोजलं. ती मर्यादा ओलांडली की पाणी रसातून वेगळं होतं, फुगतं आणि माथ्यावरचा खडक फोडतं. त्यातला क्लोरीन तांब्याला बरोबर घेऊन निघतो. साध्या ग्रॅनाइटात दहा लाख भागांत तांब्याचे जेमतेम १०-२० भाग असतात. खाणीला परवडायचं तर अर्धा-एक टक्का लागतं. एवढी मोठी दाटी हे पाणी भेगांमध्ये, निवता निवता करतं.

सगळे ग्रॅनाइट मात्र सारखे नाहीत. १९७४ मध्ये चॅपेल आणि व्हाइट यांनी मूळ खडकावरून त्यांचे प्रकार पाडले, १९७७ मध्ये इशिहाराने ऑक्सिडीकरणावरून. ऑक्सिडीकृत रस तांब्या-मॉलिब्डेनमला अनुकूल, क्षपित, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेला, रस कथलाला.

आमच्याच मध्य प्रदेशातलं उदाहरण म्हणजे बालाघाट जिल्ह्यातलं मलाजखंड. ग्रॅनाइटातल्या कमानदार गारेच्या शिरेत तिथे तांबं आहे, वय सुमारे २४९ कोटी वर्षं. हिंदुस्थान कॉपरची खाण १९८२ पासून चालू आहे. बुंदेलखंड ग्रॅनाइटही साधारण त्याच काळातला, पण इथल्या शिरांत बहुतांशी नुसती गार. इथे गरम पाण्याची करामत टीकमगड-ललितपूरकडे दिसते: त्याने फेल्डस्पारमधला पोटॅशियम, सोडियम धुऊन नेला आणि कणखर ग्रॅनाइटच्या जागी पायरोफिलाइट हे मऊ खनिज ठेवलं. स्थानिक लोक त्याला ‘गोरा पत्थर’ म्हणतात. नख लावलं तरी त्यावर ओरखडा उठतो.