बेंचमार्क अ‍ॅसेट मॅनेजमेंट कंपनी

भारतात एक्स्चेंज ट्रेडेड फंड (ईटीएफ), म्हणजे शेअरसारखी बाजारात खरेदी-विक्री होणारी फंडाची युनिटे, पहिल्यांदा बाजारात आणणारी मुंबईची म्युच्युअल फंड कंपनी. डिसेंबर २००१ मध्ये तिने काढलेली ‘निफ्टी बीज’ ही योजना (निफ्टी हा पन्नास मोठ्या कंपन्यांच्या शेअरभावांचा निर्देशांक) म्हणजे देशातला पहिला ईटीएफ. २०११ मध्ये गोल्डमन सॅक्सने ही कंपनी विकत घेतली आणि बेंचमार्क हे नाव पाटीवरून गेले. तिच्या योजना मात्र मालक बदलत आजही चालू आहेत आणि त्यांच्या नावातला ‘बीज’ हा शब्द कोणीही काढलेला नाही. ‘बेंचमार्क एक्स्चेंज ट्रेडेड स्कीम’ या इंग्रजी नावातल्या अक्षरांवरून तो (BeES) जुळवलेला आहे. म्हणजे आज निफ्टी बीज घेणारा प्रत्येक जण नकळत त्या गेलेल्या कंपनीचेच नाव घेतो.

कंपनीच्या मागे एखादी मोठी बँक किंवा उद्योगसमूह नव्हता. निश फायनान्शियल सर्व्हिसेस ही तिची प्रायोजक. संजीव शहा आणि राजन मेहता ही सुरुवातीच्या काळातली दोन प्रमुख नावे. अमेरिकेत ‘स्पायडर’ हा एस अँड पी ५०० निर्देशांकावरचा ईटीएफ १९९३ पासून चालू होता, त्यामुळे कल्पना जगाला नवी नव्हती. भारतात मात्र म्युच्युअल फंड म्हटले की फंड व्यवस्थापक कोण आणि त्याने कोणते शेअर हेरले, हेच आधी विचारले जाई. व्यवस्थापकाने काहीही हेरायचे नाही, निर्देशांकात जे आहे तेच त्याच प्रमाणात ठेवायचे, असे सांगणारी कंपनी विक्षिप्तच वाटली असणार.

वेळही कठीण होती. मार्च २००१ मध्ये शेअर दलाल केतन पारेख याचे घोटाळ्याचे प्रकरण उघडकीस आले. जुलैमध्ये युनिट ट्रस्ट या सरकारी म्युच्युअल फंड संस्थेने यूएस-६४ या योजनेतली खरेदी-विक्री थांबवली आणि निवृत्तीची पुंजी तिथे ठेवून निश्चिंत राहिलेली असंख्य मध्यमवर्गीय घरे हादरली. यूएस-६४ ची खरेदी-विक्रीची किंमत ट्रस्ट स्वतः जाहीर करी आणि तिच्या पोटातल्या मालमत्तेचे खरे मोल त्या किमतीशी जुळत नव्हते, हे त्या संकटाचे मूळ. ईटीएफची रचना याच्या नेमकी उलट असते. फंडाकडे कोणते शेअर किती आहेत ते उघड असते आणि युनिटची किंमत बाजारात क्षणोक्षणी ठरते. बेंचमार्कने त्या प्रसंगाला उत्तर म्हणून योजना काढली असे म्हणता येणार नाही, पण त्या वर्षाच्या अखेरीस असे साधन येणे फार मोलाचे होते.

निफ्टी बीज ८ जानेवारी २००२ रोजी राष्ट्रीय शेअर बाजारात (एनएसई) नोंदले गेले. एका युनिटची किंमत निफ्टीच्या एकदशांश ठेवली होती. तेव्हा निफ्टी हजाराच्या थोडा वर होता, म्हणून शंभर-सव्वाशे रुपयांत पन्नास मोठ्या कंपन्यांचा छोटासा वाटा डीमॅट खात्यात येई. खरेदी दलालाकडूनच, एखादा शेअर घ्यावा तशी.

किंमत भरकटू नये यासाठी जी व्यवस्था असते, ती या साधनाचा प्राण आहे. फंड सामान्य गुंतवणूकदाराशी थेट व्यवहार करत नाही. तो अधिकृत सहभागी म्हणून नेमलेल्या मोठ्या दलालांशी ठोक व्यवहार करतो. समजा, युनिटमागच्या शेअरांचे मोल १०६ रुपये आहे आणि बाजारात युनिट १०८ ला चालले आहे. असा दलाल निफ्टीतले पन्नासही शेअर ठरलेल्या प्रमाणात विकत घेतो, ती टोपली फंडाला देतो, बदल्यात युनिटे घेतो आणि ती बाजारात विकतो. दोन रुपयांचा फरक त्याला मिळतो, आणि विक्री वाढल्यामुळे भाव पुन्हा जागेवर येतो. युनिट स्वस्त झाले तर हाच खेळ उलटा. भाव ताळ्यावर राहतो तो दलालाच्या या नफ्याच्या ओढीमुळे. अर्थात ही ओढ टिकायला बाजारात पुरेशी उलाढाल लागते, आणि सुरुवातीची कित्येक वर्षे भारतीय ईटीएफांची तीच उणीव होती.

२००३ मध्ये निफ्टी ज्युनियर बीज आणि लिक्विड बीज आले. लिक्विड बीज ही माझ्या मते कंपनीची सर्वांत कल्पक निर्मिती. अल्पमुदतीच्या कर्जबाजारात पैसे ठेवणारा हा फंड, पण शेअरसारखा बाजारात विकला जाणारा. युनिटचा भाव हजार रुपयांवर स्थिर राही आणि रोजचे उत्पन्न लाभांश म्हणून अपूर्णांकातल्या युनिटांच्या रूपाने खात्यात जमा होई. शेअर विकल्यावर हातात आलेली रक्कम पुढच्या खरेदीपर्यंत नुसती पडून राहू नये, ही गरज त्यातून भागली. वायदे बाजारात व्यवहार करणारे लोक तो मार्जिन म्हणजे व्यवहाराचे तारण म्हणून दलालाकडे ठेवू लागले. २००४ मध्ये बँक बीज आले.

सोन्याच्या बाबतीत मात्र कंपनीच्या वाट्याला प्रतीक्षा आली. मे २००२ मध्येच बेंचमार्कने सोन्यावरच्या ईटीएफचा प्रस्ताव सेबी या बाजार-नियामक संस्थेकडे दाखल केला होता. अशा फंडाची रीतसर मांडणी करणारा जगातला पहिला प्रस्ताव म्हणून त्याची नोंद घेतली जाते. पण त्या वेळच्या नियमांनुसार म्युच्युअल फंडाला शेअर, कर्जरोखे अशा रोख्यांतच पैसे गुंतवता येत, धातूत नाही. प्रस्ताव अडला. मार्च २००३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या शेअर बाजारात सोन्याचा ईटीएफ सुरू झाला, नोव्हेंबर २००४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये. भारतात २००५ च्या अर्थसंकल्पी भाषणात अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी या कल्पनेचा उल्लेख केला, जानेवारी २००६ मध्ये सेबीने नियम बदलले आणि अखेर मार्च २००७ मध्ये गोल्ड बीज बाजारात नोंदले गेले. सोन्याची सर्वाधिक हौस असलेल्या देशात उगवलेली कल्पना जगभर फिरून पाच वर्षांनी घरी परतली, याची रुखरुख आजही वाटते.

गोल्ड बीजचे एक युनिट साधारण एक ग्रॅम सोन्याइतके होते. घडणावळ नाही, घट नाही, तिजोरीची चिंता नाही, आणि शुद्धतेसाठी सराफाच्या शब्दावर विसंबायला नको. गुरुपुष्यामृताला किंवा अक्षय्य तृतीयेला गुंजभर तरी सोने घरात यावे ही आपल्याकडची रीत त्यात सहज बसली. पुढे अक्षय्य तृतीयेला सोन्याच्या ईटीएफची उलाढाल वाढू लागली आणि त्या दिवशी शेअर बाजार या व्यवहारांसाठी वेळही वाढवून देऊ लागले. अंगावर घालायच्या सोन्याची जागा ते घेणार नव्हते, पण मुलीच्या लग्नासाठी थोडे थोडे साठवणाऱ्याला ते उपयोगाचे होते.

त्यानंतर सरकारी बँकांचे पीएसयू बँक बीज, शरियाच्या निकषांत बसणाऱ्या कंपन्यांचे शरिया बीज आणि २०१० मध्ये हाँगकाँगच्या निर्देशांकावरचे हँग सेंग बीज निघाले.

एवढे करूनही कंपनी लहानच राहिली. त्या काळात म्युच्युअल फंड विकले जात ते एजंटांमार्फत, आणि एजंटाला मिळे कमिशन. ईटीएफ बाजारातून घ्यायचा असल्याने त्यात एजंटाला काहीच मिळत नसे. ज्याच्यात विकणाऱ्याचा फायदा नाही ते साधन ग्राहकापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

मार्च २०११ मध्ये गोल्डमन सॅक्सने खरेदीचा करार केला आणि त्याच वर्षी तो पूर्ण झाला. या मालकाच्या काळातली मोठी घटना म्हणजे मार्च २०१४ मधला सीपीएसई ईटीएफ. ओएनजीसी, कोल इंडिया, गेल अशा सरकारी कंपन्यांतले शेअर विकायला केंद्र सरकारने ईटीएफचा मार्ग वापरला आणि ३,००० कोटी रुपये उभे केले. ऑक्टोबर २०१५ मध्ये गोल्डमन सॅक्सने हा व्यवसाय रिलायन्स कॅपिटल अ‍ॅसेट मॅनेजमेंटला २४३ कोटी रुपयांना विकण्याचे ठरवले. हस्तांतर २०१६ मध्ये झाले. पुढे २०१९ मध्ये जपानच्या निप्पॉन लाइफने रिलायन्सचा म्युच्युअल फंड व्यवसाय ताब्यात घेतला आणि योजनांच्या नावाआधी ‘निप्पॉन इंडिया’ लागले.

या सगळ्या उलथापालथीत युनिटधारकाचे काही बिघडले नाही. म्युच्युअल फंडाची मालमत्ता विश्वस्तांच्या हाती आणि ती सांभाळणाऱ्या वेगळ्या अभिरक्षकाकडे (कस्टोडियन) असते. ती व्यवस्थापन कंपनीच्या मालकीची नसते, त्यामुळे कंपनी विकली गेली तरी धारकाचे शेअर आणि सोने जागच्या जागी राहतात.

डिसेंबर २०१९ मध्ये युनिटांचे विभाजन झाले. निफ्टी बीजचे एक युनिट निफ्टीच्या शंभराव्या भागाइतके झाले आणि त्याची किंमत बाराशेच्या वरून पुन्हा सव्वाशेच्या आसपास, म्हणजे जवळपास २००२ च्या भावाला आली. गोल्ड बीजच्या एका युनिटाची शंभर युनिटे झाली. एक युनिट ढोबळमानाने ग्रॅमचा शंभरावा भाग झाले आणि त्या हिशेबाने गुंजभर (सुमारे ०.१२ ग्रॅम) सोन्याला साधारण बारा युनिटे लागतात.