पोकळीतलं नाराज पाणी

कड्यासारख्या रेणूंबद्दल वाचायला घेतलं की एक चित्र हमखास भेटतं. मधोमध भोक असलेला एक रेणू आणि त्यात अलगद जाऊन बसलेला दुसरा. पहिल्याला म्हणायचं यजमान, दुसऱ्याला पाहुणा. दोघांमध्ये इलेक्ट्रॉनची भागीदारी होत नाही, त्यामुळे पाहुणा आला तसा निघूनही जाऊ शकतो. अशा न बांधलेल्या नात्यांचा अभ्यास म्हणजे सुप्रामॉलिक्युलर केमिस्ट्री. चित्र चुकीचं नाही, पण त्यात एक गोष्ट दाखवायची राहून जाते. पाहुणा येण्याआधी त्या पोकळीत कोण होतं?

या विषयाला वेग आला तो एका अशुद्ध रसायनामुळे. अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीत काम करणारे चार्ल्स पेडरसन भलताच एक पदार्थ बनवत होते. कच्च्या मालात थोडी भेसळ राहिली होती आणि शेवटी हाती आले जेमतेम ०.४ टक्के पांढरे, तंतूंसारखे स्फटिक. दुसऱ्या कुणी ते फेकून दिले असते. पेडरसन यांच्या लक्षात आलं की हे स्फटिक मिथेनॉलमध्ये नीट विरघळत नाहीत, पण सोडियमचा क्षार टाकला की विरघळतात. तो रेणू म्हणजे १८ अणूंचं कडं होतं, त्यात सहा ऑक्सिजन, आणि धातूचा आयन त्यांच्या मधोमध जाऊन बसत होता. मुकुटासारखा दिसतो म्हणून नाव पडलं क्राउन ईथर. शोधनिबंध १९६७ साली आला. वीस वर्षांनी पेडरसन, डोनाल्ड क्रॅम आणि झाँ-मारी लेन यांना नोबेल मिळालं. पेडरसन यांच्याकडे पीएच.डी. नव्हती, हे मला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

क्राउन ईथर शिकवताना कुलूप-किल्लीची उपमा देतात. लहान कडं लिथियमचं, मधलं सोडियमचं, मोठं पोटॅशियमचं. ऐकायला छान वाटतं, पण मोजमापं वेगळं सांगतात. मिथेनॉलमध्ये पाहिलं तर सोडियमला त्याच्या 'मापाच्या' १५ अणूंच्या कड्यापेक्षा १८ अणूंचं मोठं कडं जास्त घट्ट धरतं. कारण आयन तिथे एकटा येत नाही. द्रावकाचे रेणू त्याला बिलगलेले असतात, आणि त्यांना सोडून येणं परवडलं पाहिजे. मोठ्या कड्यात एक ऑक्सिजन जास्त आहे, शिवाय ते थोडं दुमडून आयनला कवेत घेऊ शकतं. म्हणजे माप महत्त्वाचं आहेच, पण सौदा द्रावकाशीही असतो.

हा सौदा पाण्यात सर्वांत रंगतो. सायक्लोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून विकरांनी बनवलेलं कडं फ्रान्समध्ये १८९१ मध्ये सापडलं. सहा, सात किंवा आठ ग्लुकोज एकमेकांना जोडून तळ नसलेल्या बादलीचा आकार होतो. बादलीच्या दोन्ही काठांना पाणी आवडतं, आतल्या भिंतींना ते फारसं रुचत नाही. तरी पाण्यात टाकलेली बादली कोरडी कशी राहील? आत पाणी शिरतंच. एरवी पाण्याचा रेणू शेजाऱ्यांशी चारपर्यंत हायड्रोजन बंध जोडतो. या अरुंद खोलीत त्याला तेवढे सोबती मिळत नाहीत, आणि भिंत हात पुढे करत नाही. असं पाणी बाहेर जायला टपलेलंच असतं. तेलकट स्वभावाचा एखादा रेणू आला की ते जागा सोडतं, बाहेरच्या पाण्यात मिसळतं आणि त्याचे अडलेले बंध जुळतात. पाहुण्याला भिंतीची जवळीक मिळते हे खरं, पण या व्यवहारातली मोठी कमाई बरेचदा बाहेर पडलेल्या पाण्याची असते.

याचा कळस म्हणजे कुकर्बिट्युरिल. दोन्ही बाजूंनी कापलेल्या भोपळ्यासारखा दिसतो, म्हणून भोपळ्याच्या कुळावरून हे नाव. हा पदार्थ १९०५ मध्येच तयार झाला होता, पण त्याची रचना उलगडायला १९८१ उजाडलं. सात घटकांच्या भोपळ्यात पाण्याचे सात-आठ रेणू मावतात आणि त्यांची अवस्था सायक्लोडेक्स्ट्रिनमधल्या पाण्यापेक्षाही बिकट असते. शिवाय दोन्ही तोंडांशी ऑक्सिजनची रांग असते, ती धनभार ओढून घेते. मधे तेलकट आणि टोकांना धनभार अशा पाहुण्यावर २०१४ मध्ये प्रयोग झाला. त्याचा बंधनांक, म्हणजे पकड किती घट्ट ते सांगणारा आकडा, निघाला १० च्या १७ व्या घाताच्या घरात. निसर्गातली अतिघट्ट म्हणून नावाजलेली बायोटिन (एक जीवनसत्त्व) आणि ॲव्हिडिन (अंड्यातलं एक प्रथिन) यांची जोडी १५ व्या घाताच्या आसपास आहे.

हीच युक्ती शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतही पोहोचली आहे. भूल देताना स्नायू सैल ठेवायला रोक्युरोनियम नावाचं औषध टोचतात, आणि शस्त्रक्रिया संपली की त्याचा अंमल उतरवावा लागतो. सुगामाडेक्स हे आठ ग्लुकोजांचं सायक्लोडेक्स्ट्रिन आहे. पोकळी खोल व्हावी म्हणून त्याला आठ लांब हात जोडले आहेत, आणि हातांच्या टोकांना ऋणभार आहे, कारण रोक्युरोनियमवर धनभार असतो. युरोपात त्याला २००८ मध्ये मंजुरी मिळाली, अमेरिकेत २०१५ मध्ये. ते स्नायूंना किंवा चेतातंतूंना हातही लावत नाही. रक्तात फिरता फिरता रोक्युरोनियम पोकळीत ओढून घेतं. रक्तातलं मोकळं औषध कमी झालं की स्नायूंपाशी अडकलेलं औषध आपोआप रक्ताकडे परत येतं आणि तेही पकडलं जातं. काही मिनिटांत स्नायू हलू लागतात. यजमान आणि पाहुण्याची जोडी पुढे मूत्रपिंडातून गाळली जाते आणि लघवीवाटे बाहेर पडते.